‘पेशंट’ म्हणजे मुकाट सोसणारा?



शाळेचं तोंड न पाहिलेल्या आपल्या आजीलाही ‘पेशंट’ हा शब्द माहीत असतो. केसपेपरवर तो छापलेला असतो. ‘ओपीडी’तला ‘पी’ म्हणजेही पेशंटच: तपासून घरी जाणारा तो ओपीडीचा, दाखल झालेला तो आयपीडीचा. पण या शब्दाचा मूळ अर्थ काय?

लॅटिन भाषेत ‘पातिएन्स’ म्हणजे सोसणारा. तिथून हा शब्द फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. इंग्रजीत आजही त्याचे दोन अर्थ आहेत: आजारी माणूस आणि धीर धरणारा माणूस. ‘जरा पेशन्स ठेवा’ यातला पेशन्स त्याच मुळाचा. आपला ‘रुग्ण’ संस्कृत ‘रुज्’पासून आला, म्हणजे मोडलेला. ‘आजार’ फारसीतून आला. पालीत आजाऱ्याला ‘गिलान’ म्हणतात.

शब्दाचा अर्थ सोसणारा असला, तरी दवाखान्यात मुकाट सोसणं जिवावर बेतू शकतं. वॉर्डात काम करताना पाहिलेली एक ताई आम्हाला आठवते. महिनाभर खोकला होता, रात्री ताप यायचा. डॉक्टरांना मात्र एवढंच म्हणाली, “अशक्तपणा आहे.” कुणी पुढे विचारलं नाही. ताकदीच्या गोळ्या घेऊन ती घरी गेली. थुंकीतून रक्त पडलं तेव्हा परत आली, टीबी निघाला. तोवर धाकट्या लेकीलाही लागण झाली होती. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, “मागं एवढी लाइन होती. बाईमाणसानं किती बोलायचं?” दोष तिचा नव्हता. गप्प बसायचं वळण तिला लहानपणापासूनच लावलं होतं.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. जुलाबाने हैराण झालेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. भगवंतांनी आणि आनंदांनी स्वतः त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. तिथेच चांगल्या आजाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: मानवेल तेच करणं, त्यातही प्रमाण जाणणं, औषध घेणं, दुखणं जसं आहे तसं सांगणं आणि वेदना सोसणं. म्हणजे सोसण्याच्या जोडीला सांगणंही आलंच. दुखणं वाढतंय, कमी होतंय की तसंच आहे, हेही सेवा करणाऱ्याला सांगावं, असं तिथे म्हटलं आहे.

म्हणून दवाखान्यात जाताना एवढं करा:

• त्रास कधीपासून आहे, कशाने वाढतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे घरीच कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या.

• दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तसं स्पष्ट सांगा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

• अंगावरून जाणं, गाठ, लघवीची जळजळ सांगताना लाजू नका. तपासताना सोबत बाई हवी असेल तर मागा.

• आजार काय आहे, गोळी कशाची आहे, ऑपरेशन का करायचं, हे विचारा. समजल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका.

• दाखल झालेल्यांनी आपली कागदपत्रं मागितली, तर ७२ तासांत द्यावीत, असं वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात.

औषधाचा कोर्स पुरा करताना पेशन्स जरूर ठेवा. डॉक्टरांपुढे बसलात की मात्र बोला. मागची लाइन थांबेल.