सचोटीचा नफा ताळेबंदात कुठे दिसतो?

नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणे एवढेच कंपनीचे सामाजिक कर्तव्य आहे, असा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात केला, आणि तेव्हापासून उद्योगजगतातील एक मोठा वाद त्याभोवती फिरत आला आहे. पर्यावरण जपणाऱ्या आणि कारभार चोख ठेवणाऱ्या कंपन्यांचा नफा आपोआप वाढतो, असे विरोधी पक्ष तितक्याच ठामपणे सांगतो. हा नफा किती वर्षांचा धरायचा आणि त्याचा हिशेब कोणी तपासायचा, हे मात्र दोन्हीकडे पुरेसे विचारले जात नाही.

या चर्चेत दोन संज्ञा वारंवार येतात. उद्या लागणारे पाणी, जमीन, मनुष्यबळ आणि समाजाचा विश्वास आजच्या कमाईसाठी संपवून न टाकणे म्हणजे शाश्वतता. तर कंपनीचे निर्णय कोण घेतो, त्याला जाब कोण विचारतो आणि भागधारकांना खरे आकडे मिळतात की नाही, याची व्यवस्था म्हणजे कारभार अथवा सुशासन. पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्हींना मिळून ‘ईएसजी’ म्हटले जाते. यांतला कारभाराचा भाग कागदोपत्री सर्वांत नीरस वाटतो, पण तोच ढासळला तर उरलेल्या दोहोंविषयीचे आकडेही विश्वासार्ह राहत नाहीत.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे प्रकरण याची साक्ष देते. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमच्या संचालक मंडळाने, ज्यात नामांकित प्राध्यापकही स्वतंत्र संचालक म्हणून बसले होते, प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे ठरवले आणि गुंतवणूकदारांचा संताप उसळताच काही तासांत तो निर्णय मागे घेतला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ६४९ कोटी रुपयांचा परिचालन नफा, म्हणजे रोजच्या धंद्यातून सुटणारी रक्कम, दाखवला गेला होता; याच पत्रानुसार प्रत्यक्षात तो ६१ कोटी होता. त्या एका दिवसात शेअरचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. विशेष म्हणजे, याच कंपनीला काही महिन्यांपूर्वी उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता. (पुरस्कार देणाऱ्यांनी नंतर तो काढून घेतला, हे सांगायला हवे.) पुढे सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून नवे नेमले आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने ५८ रुपये प्रति शेअर या दराने बोली जिंकली.

यावरून हा संबंध दोन्ही दिशांना सारखा नाही, हे ध्यानात येते. वाईट कारभार नफा बुडवतो, हे जवळपास खात्रीने म्हणता येते. चांगला कारभार नफा वाढवतोच, असे म्हणता येत नाही. त्याचा लाभ बहुधा न झालेल्या दंडात, न झालेल्या संपात आणि थोड्या स्वस्त मिळालेल्या कर्जात असतो, आणि टळलेल्या नुकसानीसाठी ताळेबंदात रकाना नसतो. सुमारे २,२०० अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २०१५ च्या एका संशोधनात जवळपास ९० टक्के अभ्यासांत ईएसजी आणि आर्थिक कामगिरी यांचा संबंध नकारात्मक आढळला नाही. पण ‘नकारात्मक नाही’ यात ‘काहीच संबंध नाही’ हेही येते, शिवाय आधीच खिसा गरम असलेल्या कंपनीलाच चांगले वागणे परवडते, अशी शंका उरतेच.

लाभ मिळतो तो धंद्याच्या गाभ्याशी जोडलेल्या बाबींतून. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे उदाहरण पाहता येईल. गाळपानंतर उरलेला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, बॉयलरमध्ये जाळून सहवीजनिर्मिती होते, कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकली जाते आणि मळीपासून इथेनॉल होते. आसवनीतून निघणारे स्पेंट वॉश हे सांडपाणी पूर्वी ओढ्यानाल्यांत जाऊन पाणी नासवत असे, तेच आता दाट करून जाळले की वाफ मिळते आणि उरलेल्या राखेतून पालाशयुक्त खत बनते. यंत्रणेचा खर्च मोठा असतो आणि तो दरवेळी भरून निघतोच असे नाही, पण ती नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिशीने हंगाम ऐन भरात थांबू शकतो.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हा प्रकार याहून वेगळा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. हा मिळालेल्या नफ्याचा विनियोग झाला. नफा कोणत्या मार्गाने मिळाला, याविषयी तो काही सांगत नाही. शाळेला संगणक देणारा कारखाना नदीत सांडपाणी सोडत असेल, तर अहवालातली छायाचित्रे ते पाणी शुद्ध करीत नाहीत.

बाजार मूल्याच्या क्रमाने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२२–२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायातील जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केला आहे. माहिती उघड होणे स्वागतार्ह असले, तरी एकाच कंपनीला वेगवेगळ्या संस्था वेगवेगळे ईएसजी गुण देतात, तेव्हा एका आकड्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

२०१५ पासून भविष्य निर्वाह निधीतील काही भाग शेअर बाजाराशी निगडित फंडांत जातो आणि म्युच्युअल फंडांचे हप्ते तर घरोघरी आहेत, त्यामुळे हा विषय फक्त मोठ्या गुंतवणूकदारांचा उरलेला नाही. ज्याला थेट शेअर घ्यायचे आहेत, त्याने वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानांऐवजी शेवटच्या बारीक अक्षरांतल्या टिपा आधी वाचाव्यात: प्रवर्तकांनी किती समभाग तारण ठेवले आहेत, त्यांच्याच इतर कंपन्यांशी किती व्यवहार झाले आहेत आणि लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला आहे का.