लडाखमधील हिवाळ्याची बेगमी

लडाखमध्ये हिवाळ्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते, कारण सुमारे ३,५०० मीटर उंचीवरची झोजी ला ही खिंड बर्फाने बुजली की श्रीनगरचा रस्ता पूर्वी कित्येक महिने बंद राहत असे आणि घरात साठवलेल्या जिनसांवरच कुटुंबाला निभावून न्यावे लागे. या बेगमीचा कणा म्हणजे सातू, अर्थात बार्ली. तो भाजून दळलेला असल्याने त्याचे पीठ चहात किंवा ताकात कालवून तसेच खाता येते, आणि जिथे झाडे विरळ व जळण दुर्मीळ आहे तिथे न शिजवता पोट भरणारे हे अन्न खरोखर अमोल ठरते. जर्दाळू, पालेभाज्या आणि ताकापासून केलेले ‘छुरपे’ हे चीज उन्हात कडकडीत वाळवतात, कारण पाण्याचा अंश गेला की बुरशी धरत नाही. बटाटे, गाजरे व सलगम मात्र जमिनीतील खोल खड्ड्यांत ठेवतात. बाहेर पारा उणे २० अंशांपर्यंत उतरला तरी मातीचा जाड थर थंडी आत झिरपू देत नाही, म्हणून ते गोठत नाहीत. जनावरांचा चारा सपाट छतांवर रचला जातो. आज लेहला हिवाळ्यातही विमाने येतात, पण त्यांतून आलेली भाजी महाग पडते, त्यामुळे घरच्या खड्ड्याची गरज संपलेली नाही.