जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

बारामती व इंदापूर तालुक्यांतील अनेक बागायतदारांच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचा एखादा संगणक असतो. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला हा संगणक पुढे घरच्या हिशोबाला लागतो. ऊसतोडणीच्या नोंदी, मजुरांची हजेरी, द्राक्ष-डाळिंबाच्या फवारण्या हे सर्व त्यातच साठते. अपेडाने २००६ मध्ये निर्यातीच्या द्राक्षांसाठी 'ग्रेपनेट' सुरू केले, तेव्हापासून फवारणीच्या नोंदीचे मोल द्राक्ष बागायतदार जाणतातच. असा संगणक चालू होण्यास पाच-सात मिनिटे घेऊ लागला, की घरात नव्याचा आग्रह सुरू होतो. तथापि, बऱ्याचदा एक-दोन भाग बदलून काम भागते.

आधी कमतरता ओळखा

जमिनीत जस्ताची कमतरता असताना युरियाच्या गोण्या ओतून उत्पादन वाढत नाही. संगणकाचेही तसेच आहे. २०१३ मध्ये पदव्युत्तर शिक्षण घेताना मी घेतलेला संगणक मंदावला, तेव्हा तपासणी न करता मी प्रथम रॅम वाढविली. फरक जाणवला नाही. कमतरता हार्ड डिस्कची होती. काही दिवसांनी तिच्यातून टकटक आवाज येऊ लागला. वडिलांच्या डाळिंब बागेच्या चार वर्षांच्या नोंदी तिच्यातच होत्या. त्या कशाबशा उतरवून घेता आल्या.

विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्यास 'टास्क मॅनेजर' उघडतो. नेहमीचे काम चालू असताना त्यात पाहावे. 'डिस्क'चा आकडा सतत शंभर टक्क्यांजवळ असेल तर डिस्क बदलावी. 'मेमरी' भरलेली दिसत असेल तर रॅम वाढवावी. मात्र मेमरी अपुरी पडली की संगणक डिस्कचाच आधार घेतो. म्हणून दोन्ही आकडे एकत्र पाहावेत.

कोणते भाग बदलावेत?

१) डिस्क : जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते व माहिती शोधण्यासाठी सुई तिच्यावरून सरकते. एस.एस.डी.मध्ये फिरणारा भागच नसल्याने माहिती तत्काळ मिळते. सन २०१० नंतरच्या बहुतेक संगणकांत साटा जोडणीची अडीच इंची एस.एस.डी. बसते. घरच्या हिशोबास २५६ जीबी पुरेशी होते.

२) रॅम : डीडीआर-३ व डीडीआर-४ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्यावी. एकूण ८ जीबी पुरे. ३२-बिटची विंडोज असल्यास ४ जीबीपेक्षा अधिक रॅमचा उपयोग होत नाही. दर सतत बदलत असल्याने दोन-तीन ठिकाणी विचारावे.

३) नाण्याएवढी बॅटरी : वीज गेल्यानंतर दरवेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील तीन व्होल्टची सीआर-२०३२ बॅटरी संपली आहे असे समजावे. तारीख चुकली की अनेक संकेतस्थळेही उघडत नाहीत. हा दोष अगदी थोड्या खर्चात दूर होतो.

घ्यावयाची काळजी

सर्व नोंदी प्रथम पेन ड्राइव्हवर व आणखी एका ठिकाणी उतरवून घ्याव्यात आणि त्या उघडतात याची खात्री करावी. ही खात्री होईपर्यंत पेटी उघडू नये. नंतर प्लग काढून, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. धूळ मऊ ब्रशने काढावी. विजेचा दाब कमी-जास्त होत असल्यास यू.पी.एस. जोडावा व अर्थिंग तपासून घ्यावे. अन्यथा नवा भागही जळू शकतो. जुनी डिस्क निदान एक हंगाम जपून ठेवावी.

खर्च केव्हा करू नये?

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी अधिकृतपणे टी.पी.एम. २.० व इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. रॅम वाढवून ही अट पूर्ण होत नाही. अशा संगणकावर मोफत मिळणारे लिनक्स मिंट किंवा उबंटू घालता येते व त्यात मराठी टंकलेखनही होते. मात्र आपले हिशोबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी पाहावे. सुरक्षा-सेवा संपलेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. मदरबोर्डच नादुरुस्त असल्यास खर्च टाळावा.

कामाचाही विचार करावा. वारणा परिसरातील गावांत १९९८ च्या 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून संगणक केंद्रे उभी राहिली. पुढे त्यातील काही गावांत उसाची तीच माहिती मोबाईलच्या लघुसंदेशाने देण्याचा प्रयोग झाला. केवळ सातबारा किंवा बाजारभाव पाहावयाचा असेल, तर आपल्यालाही मोबाईल पुरतो. वर्षानुवर्षांच्या नोंदी लिहावयाच्या व ताडून पाहावयाच्या असतील, तर मात्र जुना संगणक दुरुस्त करणे फायद्याचे ठरते. भाग बाजारात पुन्हा मिळतात. बागेच्या गेलेल्या नोंदी मिळत नाहीत. म्हणून या आठवड्यात निदान नोंदींची एक प्रत काढून ठेवावी.