गाळात गेलेलं सोनं

नुकसान झालं की आपण म्हणतो, ‘धंदा गाळात गेला.’ उन्हाळ्यात हिंगोलीकडच्या एखाद्या आटलेल्या तलावावर जा, तिथं हा वाक्प्रचार उलटा फिरतो. पोकलेन घरघरत असतो, ट्रॅक्टर रांगेत उभे असतात आणि जो तो गाळ घरच्या रानात न्यायला धडपडत असतो. या काळ्या चिखलाच्या काही भन्नाट गोष्टी!

कणाकणानं तळं बुजतं
‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे अर्धंच सत्य. प्रत्येक थेंबासोबत शिवारातल्या मातीचा कणही वाहत येतो आणि तळाशी बसतो. तलावातला गाळ म्हणजे वरच्या शेतांची वाट चुकलेली माती. ती परत नेणं म्हणजे आपलीच वस्तू घरी आणणं.

एक घनमीटर काढा, हजार लिटर मिळवा
एक घनमीटर गाळ निघाला की तितकीच जागा पाण्याला मिळते, म्हणजे १,००० लिटर! ४०० घनमीटर काढला तर चार लाख लिटरची सोय. तोच गाळ एकरभर पसरला तर जवळपास चार इंचांचा थर बसतो. एका खोदाईत तळंही खोल होतं आणि रानही भरतं.

जड आधी, हलकं नंतर
तलावात शिरताच पाण्याचा वेग मंदावतो. जाड रेती तोंडाशीच पडते, मऊ पोयटा मात्र पार भिंतीच्या बाजूपर्यंत पोहोचतो. म्हणून एकाच तलावात दोन जागी दोन तऱ्हेची माती सापडते. भिंतीला अगदी लागून मात्र खोदू नये, तिचा पाया जपावा लागतो.

मुरमाड रानाची तहान
आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. भरड, मुरमाड रानात तिचा थर मिसळला की दोन पावसांमधला खंड पिकाला सोसतो. आधीच भारी असलेल्या जमिनीवर मात्र गाळ ओतू नये. पाणी तुंबतं, आणि वसमतची लाडकी हळद असेल तर कंद कुजतात.

जोतीरावांनी आधीच सांगितलं होतं
महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये सरकारला सुचवलं होतं, की नदीनाल्यांतला, तलावांतला साचलेला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. ‘पूर्वीसारखा’ हा शब्द महत्त्वाचा. ही रीत त्यांच्याही आधीची! राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली ती २०१७ साली. २०२३ पासून अल्पभूधारकांना गाळ वाहून नेऊन पसरवण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदानही ठरलं. गाळ न्या, वाळूला मात्र हात लावायचा नाही.

हिंगोलीची माती निघाली समुद्राला
कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. पूर्णा तर थेट गोदावरीलाच भेटते. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या या जिल्ह्यातली माती मुळात बंगालच्या उपसागराची वाटसरू! काकिनाड्याजवळचं कोरिंगाचं खारफुटीचं जंगल याच गोदावरीच्या गाळावर उभं आहे.

धरणं अडवतात, किनारा खंगतो
पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर ईसापूर. अशा धरणांनी शेतं भिजवली, पण गाळही अडवला. आंध्र विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला: १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ वाहून नेत होती, १९९० च्या दशकात तो सहा कोटी टनांच्याही खाली आला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र कुरतडू लागला.

भरतीच्या दलदलीलाही गाळाचीच भूक
खाडीकाठची दलदल दर भरतीला गाळाचा पातळसा पापुद्रा घेते. गवताच्या काड्या पाण्याचा वेग मोडतात, कण खाली बसतात आणि जमीन समुद्राच्या पातळीबरोबर वर येत राहते. गाळ थांबला की ती बुडते.

बुडालेलं बेट परत आलं
अमेरिकेत चेसापीक उपसागरातलं पॉप्लर बेट १८४७ साली ११०० एकरांहून मोठं होतं. १९९० च्या दशकात उरलं जेमतेम पाच एकर! १९९८ मध्ये त्याला पुन्हा उभं करायचं काम सुरू झालं. बाल्टिमोर बंदराकडे जाणारी जहाजांची वाट मोकळी करताना निघणारा गाळ तिथं नेऊन टाकला. आज तिथं पुन्हा दलदलीचं गवत डोलतं, पक्षी उतरतात, कासवं अंडी घालतात.

बाल्टिमोरची जहाजवाट आणि कळमनुरीचा पाझर तलाव यांत हजारो मैलांचं अंतर. पण शहाणपण एकच: गाळ जिथं अडचण करतो तिथून उचला, जिथं त्याची भूक आहे तिथं टाका. आणि त्याहून आधी बांध नीट घाला, बांधावर गवत राखा. रानातच थांबलेली माती तलावातून उपसावी लागत नाही.

मृग जवळ आलाय. तलाव कोरडा आहे तोवर ट्रॉली जोडा!