अंगणांतील रानफुलें

देवास घातलेल्या हारांत गॅलार्डिया पाहून हें फूल मूळचें आपलें नव्हे, अशी शंका कोणासही येत नाहीं. परंतु तें उत्तर अमेरिकेंतील प्रेअरी नांवाच्या विस्तीर्ण गवताळ माळांवरचें; आणि दसऱ्याच्या तोरणांतला झेंडू मेक्सिकोकडचा. दूरच्या पाहुण्यांस देव्हाऱ्यापर्यंत नेणाऱ्या आपल्या घरांत तेरडा मात्र, आलाच तर, गौरीपुरता येतो. एरवीं तो खुरप्याखालीं जातो! प्रेअरीचा बहुतेक भाग नांगराखालीं गेल्यावर अमेरिकेंतील लोक तेथील फुलें आतां मुद्दाम आपल्या परसांत पेरूं लागले आहेत. मग गडचिरोली जिल्ह्यांतील धानोऱ्यासारख्या गांवीं, जेथें अरण्य अगदीं जवळ आहे, तेथें आपणांस अडचण कोणती?

इकडील उन्हाळा असा कीं शोभेचीं रोपें दोन्ही वेळां पाणी घालूनही करपतात. रानफुलें तो काळ बियांत किंवा कंदांत निजून काढतात. त्यांचे लाड करावे लागत नाहींत. किंबहुना ते करूंच नयेत. पहिल्या वर्षीं मीं वाफ्यांत शेणखत भरपूर घातलें. गवत कमरेएवढें माजलें, आणि जमिनीसरशी पसरणारी शंखपुष्पी दिसेनाशी झाली. पुढील वर्षीं तिला मुरमाड, दिवसभर उन्हाची जागा दिली, खत मुळींच दिलें नाहीं; श्रावणांत सकाळीं तिचीं इवलीं निळीं फुलें उमलूं लागलीं.

तेरड्यास थोडी ओल मानवते. त्याचें पिकलें बोंड बोट लागतांच फुटून बीं उडतें. म्हणून तें पिवळसर होऊं लागतांच त्यावर पातळ कापडाची पुरचुंडी बांधावी. मृगाच्या सरींनंतर बीं वरवर, परंतु रांगेंत पेरावें. रांगेचें कारण आमच्या काकूंस विचारावें! त्यांनीं एकदां सारा वाफा तण समजून उपटला. दोष त्यांचा नव्हता, मींच सांगितलें नव्हतें.

कळलावीविषयीं मात्र जपून लिहिलें पाहिजे. पाकळ्या वर वळलेल्या, बुडाशीं पिवळ्या व शेंड्याशीं तांबड्या; पानांच्या टोंकांनीं आधार धरीत वेल कुंपणावर चढते. परंतु तिचें सर्वांग विषारी असून कंद विशेषच. तो रताळें समजून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. ज्या घरीं लहान मुलें आहेत, तेथें ही वेल वावराच्या वाटेवर नसावी, आणि कंद स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवूं नये.

तो अरण्यांतून खणूनही आणूं नये. औषधांच्या व्यापारासाठीं कळलावी आधींच पुष्कळ उपसली जाते. शिवाय तें रान बेवारशी नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं याच तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. तेव्हां बीं हवें असल्यास त्या त्या गांवच्या ग्रामसभेस विचारावें, किंवा ओळखीच्या शेताच्या धुऱ्यावरून मागून घ्यावें. बियांपासून कळलावी फुलावयास तीन-चार वर्षें लागतात.

आमच्या मागील कुंपणावर चौथ्या पावसाळ्यांत पहिलें फूल आलें. मुलें तें पायरीवरूनच पाहतात. हात लावावयाचा नाहीं, हें सर्वांत धाकट्यासही पाठ आहे.