कार्यव्यग्रांसाठी मौनाची वेळ

सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींत, ओझरच्या विमान कारखान्यात, नाशिक रोडच्या छापखान्यांत, तसेच शाळा, रुग्णालये आणि पतसंस्थांमध्ये आपल्या धर्मप्रांतातील अनेक श्रद्धावंत जबाबदारीच्या पदांवर काम करीत आहेत. कोणाची रजा मंजूर करावयाची, कोणाला रात्रपाळी द्यावयाची, कोणत्या कामगाराचे कंत्राट पुढे चालू ठेवावयाचे नाही, हे त्यांच्या एका सहीवर ठरते. आणि ती सही पुष्कळदा दोन बैठकांच्या मधल्या पाच मिनिटांत होते. अशा बंधुभगिनींना मौनचिंतनासाठी वेळ काढा असे सांगितले की, "फादर, वेळ कोठून आणायचा?" हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेच्या परंपरेत त्याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. आपल्यापैकी पुष्कळांना मात्र ते ठाऊक नाही.

मौन म्हटले की नाशिककरांना प्रथम इगतपुरीचे धम्मगिरी आठवते. १९७६ पासून तेथे विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. उद्योजक, सरकारी अधिकारी आपले मोबाईल जमा करून तेथे मौन पाळतात. त्यांत आपले काही ख्रिस्ती बांधवही असतात. या केंद्राचे आचार्य सत्यनारायण गोएंका (१९२४-२०१३) हे मूळचे ब्रह्मदेशातील व्यापारी. तीव्र अर्धशिशीने बेजार होऊन ते १९५५ मध्ये ज्या गुरूंकडे गेले, ते सयाजी ऊ बा खिन हे कोणी संन्यासी नव्हते, तर ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. त्यांनी आपल्या कार्यालयातच ध्यानवर्ग सुरू केला होता. मोठ्या पदावरील माणसाला मौनासाठी वेळ मिळूच शकत नाही, या समजुतीला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये स्पष्ट केले आहे. तथापि एक भेद ध्यानी ठेवावा. ख्रिस्ती चिंतन हे केवळ श्वासाचे वा मनाचे निरीक्षण नसते. ते आपल्यावर प्रीती करणाऱ्या परमेश्वराशी केलेले संभाषण असते. ख्रिस्ती ध्यानासंबंधी रोमहून १९८९ मध्ये निघालेल्या पत्राचा रोख हाच आहे.

आपल्याकडे या विषयाचे मोठे गुरू म्हणजे लोयोलाचे संत इग्नेशियस. त्यांना आपण गुहेत ध्यान करणारे साधक म्हणून ओळखतो. परंतु १५४१ पासून १५५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रोममध्ये येशूसंघाचे प्रमुख होते, आजच्या भाषेत एका वाढत्या संस्थेचे व्यवस्थापकच. त्यांच्या हयातीत संघाची सदस्यसंख्या हजारांच्या घरात गेली. त्यांची सहा हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील पुष्कळशी पैसा, इमारती, नेमणुका व तक्रारी यांविषयीच आहेत. (आपल्या धर्मगुरूंनाही शाळा, बांधकाम आणि हिशेब चुकलेले नाहीत, त्यामुळे हे वाचून त्यांना दिलासा वाटावा.)

त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी मान्यता दिली. संपूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची, एकांतातली. पण प्रारंभीच्या सूचनांतील एकोणिसावी सूचना सार्वजनिक कामांत वा आवश्यक व्यवहारांत गुंतलेल्या माणसांसाठीच आहे. अशा व्यक्तीने घरदार व काम न सोडता रोज दीड तास काढून तीच साधना काही महिन्यांत पूर्ण करावी, असे ती सांगते. म्हणजे कामात बुडालेल्या माणसाचा विचार इग्नेशियस यांनी पावणेपाचशे वर्षांपूर्वीच केला होता.

दीड तासही ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी आत्मपरीक्षण आहे. अभ्यासात गढलेल्या तरुण सदस्यांवर इग्नेशियस यांनी दीर्घ प्रार्थनेची सक्ती केली नाही. परंतु दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करणे त्यांनी सोडू दिले नाही. पंधरा मिनिटे पुरतात. आरंभ चुकांपासून करावयाचा नसतो, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. पुष्कळजण तेथेच घोटाळा करतात व चार दिवसांत कंटाळतात. प्रथम दिवसभरात मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानावयाचे, मग स्वतःला नीट पाहण्यासाठी त्याच्याकडे प्रकाश मागावयाचा, आणि त्यानंतर सकाळपासूनचे तास एकेक करून आठवावयाचे. सकाळच्या बैठकीत मी कोणाचे बोलणे मध्येच तोडले? एखाद्याने मुलाच्या आजारासाठी रजा मागितली, तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले की फक्त हजेरीपटाकडे? कोणते काम करताना मन शांत होते, कोणत्या सहीनंतर ते टोचत राहिले? मग क्षमा मागावयाची आणि उद्याच्या दिवसाचा विचार करावयाचा. ज्याला आपण दुखावले त्याला उद्या दहा वाजता भेटावयाचे, इतका तो विचार नेमका असावा.

निर्णय घेण्याच्या बाबतीतही इग्नेशियस फार व्यवहारी आहेत. मन उद्विग्न व अंधारलेले असताना पूर्वी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांचा नियम. रात्री अकरा वाजता संतापाने लिहिलेला राजीनामा अथवा एखाद्याला धाडावयाची नोटीस सकाळपर्यंत थांबू शकते. दोन पर्यायांत मन अडकले, तर अगदी अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आपल्याकडे आला असता आपण त्याला काय सल्ला दिला असता, याची कल्पना करावी. आणि मृत्यूच्या घटकेला आपण कोणता निर्णय घेतलेला आपल्याला आवडेल, हेही स्वतःला विचारावे. नोकरकपातीची यादी समोर असताना हे दोन प्रश्न विचारणे सोपे नाही. त्यांमुळे यादी नाहीशी होईलच असे नाही. पण ती माणसांची यादी आहे, हे विसरता येत नाही.

वेळ न काढल्यास काय होते, ते क्लेरव्होच्या संत बर्नार्ड यांनी सांगितले आहे. त्यांचे एक शिष्य ११४५ मध्ये युजीन तिसरे या नावाने पोप झाले व सकाळपासून रात्रीपर्यंत खटले आणि तक्रारी ऐकण्यात गुरफटले. बर्नार्ड यांनी त्यांच्यासाठी चिंतन याच विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांची भीती पोपमहोदय थकतील एवढीच नव्हती. सततच्या कामाने त्यांचे हृदय हळूहळू कठीण होईल आणि कठीण झाल्याचे त्यांना कळणारही नाही, ही खरी भीती होती. तुम्ही सर्वांचे आहात, मग स्वतःच्या वाट्यालाही थोडे या, असा त्यांच्या विनवणीचा भाव आहे.

मार्कच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायात कफर्णहूमचा प्रसंग येतो. संध्याकाळी सारे नगर दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात प्रभू येशू एकांतात प्रार्थनेला गेला. सर्वजण तुला शोधीत आहेत, असा निरोप घेऊन शिष्य आले, तेव्हा तो परत त्या गर्दीकडे गेला नाही. त्याने दुसऱ्या गावांची वाट धरली. कोणत्या मागणीला होकार द्यावयाचा व कोणती बाजूला ठेवावयाची, हे त्याने त्या एकांतातून आल्यावर ठरविले.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी घरी पोहोचण्यापूर्वीची पंधरा मिनिटे निवडावीत. घरात पाऊल टाकल्यावर ती सापडत नाहीत, असा बहुतेकांचा अनुभव आहे. वाटेवर चर्च उघडे असेल तर पवित्र साक्रामेंतासमोर बसावे. नसेल तर वाहन बाजूला उभे करून त्यात बसले तरी चालते. मोबाईल बंद करावा, केवळ आवाज बंद करून भागत नाही. वर्षातून एकदा, शक्यतो उपवासकाळात, दोन-तीन दिवसांची मौन तपसाधना करता आली तर उत्तम. त्यासाठी आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंशी बोलावे, आणि रजेचा अर्ज आधीच द्यावा.