घरचा सर्व्हर (लेखांक ७) : वाचता येतं, लिहिता येत नाही

जुन्या डेस्कटॉपवर डेबियन चढवून सांबामार्फत त्यातले फोल्डर विंडोज लॅपटॉपवर कसे आणायचे, ते मागच्या लेखांकात पाहिलं. त्यानंतरची तक्रार ठरलेली असते. फोटो बिनबोभाट जातात, पण वेबसाइटच्या किंवा सिस्टिमच्या सेटिंगच्या ‘ईटीसी’ फोल्डरातली फाइल उघडून ‘सेव्ह’ केलं की ‘ॲक्सेस डिनाइड’! सांबाच्या सेटिंगमध्ये तर ‘रीड ओन्ली = नो’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

सांबाचा होकार म्हणजे पहिली चौकी. पुढे लिनक्स स्वतः चौकशी करतं : आलेला युजर कोण, फोल्डर कोणाच्या मालकीचा? दोघांपैकी जो जास्त कडक, त्याचं चालतं. सर्व्हरवर ‘एलएस -एलडी’ देऊन बघा. मालक ‘रूट’, ग्रुपही ‘रूट’, आणि लिहिण्याचा ‘डब्ल्यू’ एकट्या मालकापुढे.

म्हणून आधी सांबाला बाजूला ठेवा. एसएसएचने त्याच युजरच्या नावाने सर्व्हरवर शिरा आणि त्या फोल्डरात ‘टच’ने एक रिकामी फाइल करून बघा. तिथेच नकार मिळाला, तर सांबाचा काही दोष नाही. फाइल झाली, तर मात्र ‘एसएमबीस्टेटस’ चालवा आणि आपण कोणाच्या नावाने जोडलो आहोत ते वाचा. पुष्कळदा तिथे ‘नोबडी’, म्हणजे पाहुणा, निघतो. डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये अनोळखी युजरनेमला पाहुणा समजायची सोय आहे, त्यामुळे विंडोजने भलतंच नाव पाठवलं तरी सार्वजनिक फोल्डर उघडतो आणि आपला पासवर्ड चालला असंच आपण समजून बसतो. सांबाची पासवर्डांची यादी लिनक्सहून वेगळी असते, ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ने भरावी लागते, हेही इथेच लक्षात ठेवायचं.

वैतागून ‘सीएचमॉड ७७७’ मारायचा मोह आवरा. ‘ईटीसी’वर तो सरसकट चालवलात, तर आपली सेटिंगची फाइल कोणालाही बदलता येते हे पाहून ‘सुडो’ कामच नाकारतं. एसएसएचही उघड्या पडलेल्या खासगी किल्ल्या वापरत नाही. म्हणजे दुरून शिरायची वाटही बंद. मग मॉनिटर-कीबोर्ड जोडून बसा! मे २०१७मध्ये सांबातच एक भगदाड सापडलं होतं. लिहिता येणाऱ्या शेअरवर घातक लायब्ररी टाकायची आणि ती सर्व्हरकडूनच चालवून घ्यायची, असा तो प्रकार. दुरुस्ती लगेच आली, पण लिहिण्याची मुभा हात राखून का द्यायची, ते त्यावरून कळावं.

वेबसाइटच्या फोल्डरासाठी वेगळा ग्रुप करा, फोल्डर त्याच्या नावे करा, परवानगी २७७५ ठेवा. सुरुवातीच्या २मुळे नव्या फाइलींनाही तोच ग्रुप लागतो. सांबात ‘क्रिएट मास्क’ ०६६४ करायला विसरू नका, कारण मूळच्या ०७४४मध्ये ग्रुपला लिहिता येत नाही. युजरला ग्रुपमध्ये घेतल्यावर जोडणी तोडून पुन्हा जोडा. जुन्या जोडणीला नवा ग्रुप कळत नाही.

‘ईटीसी’ मात्र शेअर करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथलं काम महिन्याकाठी दोन-चार ओळींचं. एसएसएचने जाऊन ‘सुडोएडिट’ वापरा : ते फाइलची तात्पुरती प्रत आपल्या नावाने उघडतं, आणि सेव्ह करून बाहेर पडलं की बदललेला मजकूर मूळ फाइलीत नेऊन ठेवतं.